इजाला म्हणजे दुरुस्ती

हे मी आजपर्यंत कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आमच्या ह्यांच्याही नाही— आणि आता ते राहिलेही नाहीत, चार वर्षं झाली. मुलाला नाही, सुनेला नाही. मक्का आमच्या जेद्दाच्या दारापासून तासा-सव्वातासाची वाट. उमरे— मक्केच्या छोट्या वाऱ्या— किती झाले ते मी मोजलेही नाहीत. तिथं हात पसरले की मी सगळ्यांसाठी मागते, एकदा तर गावच्या आजारी म्हशीसाठीसुद्धा मागितलंय— हसू नका. पण ही एक गोष्ट ओठांवर आली की मी तिथंही पुटपुटून पुढं सरकते. त्याला सगळं ठाऊकच आहे, असं म्हणते. पण त्याला ठाऊक असणं आणि आपण आपल्या तोंडानं सांगणं— हे एकच का?

नाही ना.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी वळणावळणानं येईन, जरा सांभाळून घ्या. सरळ यायला जमलं असतं तर बारा वर्षं लागली नसती.

आता आत्ताच का सांगावंसं वाटलं? सनामुळे. सना माझी नात, लेकीची लेक. अमेरिकेत असते, तिथल्या एका शहराच्या कचेरीत इंजिनीअर आहे. काम काय, तर जमिनीखालचे पाइप. आमच्या घराण्यातले सगळे गवंडी, सुतार, फिटर— वर बांधणारे. ही एकटी खाली गेली. दर शुक्रवारी फोन करते. तिचं मराठी ‘नानी, कशी हाय?’ इथवर. मग हिंदी, मग इंग्रजी, आणि इंग्रजीतलं निम्मं मी तिच्या तोंडाकडं बघून समजून घेते.

मला वाटायचं, अमेरिका म्हणजे सगळं कसं गुळगुळीत. ती म्हणते, कसलं काय नानी! आजोबा-पणजोबांच्या वेळचे पाइप आहेत, रोज कुठंतरी फुटतात. पूल गंजलेत. मोठा पाऊस झाला की गटाराचं पाणी लोकांच्या तळघरात. आणि एक पाइप बदलायचा तर दहा सभा घ्याव्या लागतात, आणि अकराव्या सभेला कुणीतरी उठून म्हणतं, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

तर परवा ती एका रस्त्याबद्दल सांगत होती. फार पूर्वी, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी, त्या शहरात गरिबांच्या वस्तीच्या मधोमध मोठा हायवे काढला. घरं पाडून. आता तो हायवेच म्हातारा झालाय, आणि ठेवायचा की पाडायचा यावर चर्चा चाललीय. म्हणून हिला घरोघर पाठवलं, जुन्या लोकांना विचारायला. एका म्हातारीनं हिला सांगितलं की तेव्हा तिच्या आईच्या हातात कागद दिला होता, इंग्रजीतला, आणि घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं.

“नानी, पेपर तो सबको मिला था,” सना म्हणाली. “समझा किसी को नहीं.” आणि मग सहज, भाजी काय केलीस विचारावं तसं— “आप लोगों का पुराना घर भी तो ऐसे ही टूटा था ना? आपको नोटिस समझ में आया था?”

मी म्हटलं, “तुझा आवाज तुटतोय गो.”

आवाज अगदी स्वच्छ येत होता.

बघा, नातीशीसुद्धा खोटं.

आमचं ते जुनं घर जेद्दाच्या एका जुन्या मोहल्ल्यात होतं. गल्ल्या अशा की समोरासमोरून दोन जाड माणसं आली तर एकानं मागं जावं. घरं आधी उभी राहिली आणि शहर नंतर आलं, असा प्रकार. खाली गटार नाही. मैल्याचे पिवळे टँकर यायचे, नळी टाकून उपसून न्यायचे, आणि टँकर आला नाही की वास सांगायचा. पाऊस इथं वर्षातून दोनदा, पण आला की गल्लीचा ओढा. एकदा आग लागली तर बंब तोंडालाच अडकला. तेव्हा ती वस्ती काढून रस्ता करायचा, पाण्याला वाट करून द्यायची, हे चूकच होतं असं मी म्हणणार नाही. आमचे हे तर शेवल चालवायचे— पुढं मोठं सुपडं असतं ते मशीन. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गल्ल्यांतून रस्ते काढले. म्हणायचे, “शहर म्हणजे शेत आहे, नांगरावं लागतंच.” त्या दिवसांत ते ताइफच्या घाटरस्त्यावर कामाला होते. शुक्रवारी घरी.

आता माझं सांगते, कारण सगळं तिथंच अडकलंय. मी शिकलेली किती? रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात उर्दू शाळा, चौथी. मराठी मी वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून शिकले, खरंच सांगते. मिरचीची पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग मिरची डब्यात. आणि कुराण. कुराण मी सुरेख वाचते. आवाज बरा आहे, उच्चार साफ. जेद्दात आल्यावर शेजारपाजारची पोरं माझ्याकडं अलिफ-बे शिकायला यायची, आणि त्यांच्या आया मला ‘आपा’ म्हणायच्या. आपांना अरबी येतं.

आपांना अरबी येत नव्हतं. वाचता येत होतं. कळत नव्हतं.

आमच्याकडं हे किती जणांचं असतं, तुम्हाला सांगू? आपण अक्षर न् अक्षर वाचतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि विचारलं अर्थ काय, तर गप्प. त्यात लाज नाही. लाज कुठं आहे— तर मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. लोक डॉक्टरची चिठ्ठी, इकाम्याचा— इथल्या राहण्याच्या परवान्याचा— कागद, औषधाची बाटली घेऊन यायचे. मी डोळे बारीक करून वाचायचे. आकडे समजायचे, दोन-चार शब्द उर्दूतले ओळखीचे निघायचे, बाकीचं अंदाजानं. बहुतेक वेळा जमून जायचं. आमचे हे बरोब्बर उलटे: साइटवर वीस वर्षं काढल्यानं अरबी फाडफाड बोलायचे आणि अक्षर एक ओळखत नव्हते. आम्ही दोघं मिळून एक शिकलेलं माणूस होतो. पण आठवड्यातून एकच दिवस एकत्र.

त्या इमारतीत आमच्या मजल्यावर समोरचं दार रुकय्याचं.

रुकय्या आमच्याच बाजूची, खाडीपलीकडच्या गावची. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तिचा नवरा इस्माईल रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात वेल्डर. म्हणजे आम्ही ह्या समुद्रावर आणि तो पार त्या समुद्रावर. तिकडं नुसती वाळू आणि कॅम्प. बायकामुलांना जागा नाही. लग्नाला नऊ वर्षं झालेली आणि त्यातलं एकत्र किती? सुट्ट्या धरून सहा-सात महिने. शेवटी इस्माईलनं खटपट करून, कफीलच्या, म्हणजे इथल्या जामीनदार मालकाच्या, दारात खेटे घालून, बायको आणि लेकीला आणलं, आणि आमच्यासमोरच्या खोलीत ठेवलं. का? तर आपा समोर आहेत. दर महिन्याला बस पकडून तो चार दिवस यायचा. जेद्दालाच बदली मिळेल म्हणून अर्ज टाकला होता. रुकय्याचं सगळं त्या खोलीवर होतं. खोली आहे तर ती इथं आहे, आणि ती इथं आहे तर तिचा संसार आहे. खोली गेली तर पुन्हा गाव, पुन्हा फोनवरचा नवरा. हे मला माहीत होतं बरं का. तुमच्या-माझ्यात जे चाललंय त्यात हे विसरू नका. मला तेव्हाही माहीत होतं.

तिची लेक मेहजबीन आठ वर्षांची. इंडियन शाळेत जायची, आईला इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि संध्याकाळी माझ्याकडं कुराण शिकायची. रुकय्या कपडे शिवायची. अकरा महिने ती तिथं राहिली. अकरा महिन्यांत मी तिला हसताना जेवढं पाहिलं, तेवढं मला वाटतं तिच्या आईनंही पाहिलं नसेल.

मग एका रविवारी सकाळी खालच्या दारावर बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, कागद चिकटवलेला दिसला.

इमारतीत आम्ही दोनच मराठी घरं. बाकी यमनी कामगार, काही बंगाली, सगळे बाप्ये. त्यांच्याशी आम्ही बायका काय बोलणार? रुकय्या धावत वर आली. “आपा, बलदियाचा कागद लागलाय. चला, वाचून सांगा.”

मी गेले. ओढणी सारखी केली, चष्मा लावला. कुराणात प्रत्येक अक्षराला जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, असतात, उच्चार चुकायची सोय नाही. सरकारी कागदाला ती नसतात. नुसती अक्षरं, हाडं दिसावीत तशी. पण आमच्या शाळेतलं उर्दूही तसंच असायचं— म्हणून मी तो कागद उर्दू असल्यासारखाच वाचला. वर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता. इजाला.

आणि मला काय आनंद झाला म्हणता! हा शब्द मला येत होता! आमचे मास्तर म्हणायचे, नुकसानीचा इजाला. म्हणजे झालेलं नुकसान भरून काढणं. मोडलं असेल ते नीट करून देणं. खाली आकडा होता, पंधरा. आणि दिवस हा शब्द तर कुराणातच आहे.

मी म्हटलं, “दुरुस्ती आहे गो. पंधरा दिवसांनी बलदिया दुरुस्ती काढणार. गटाराचं काम असेल, नाय तर भिंतींचं.”

आमचा हारिस— म्हणजे इमारतीचा राखणदार— नूर मियाँ झाडू घेऊन तिथंच उभा होता. चितगावकडचा, वाळका माणूस, पंचवीस वर्षं इथं. म्हणाला, “नेही आपा. इजाला मतलब तोड़ेगा. शब खलास.”

मी काय केलं? मी हसले. रुकय्यासमोर, वरून उतरणाऱ्या दोघा-तिघांसमोर. म्हटलं, “नूर मियाँ, अपना नाम लिखने आता है क्या? अंगूठा लगाता है और मुझे अरबी सिखाता है!” रुकय्याही हसली. तो पुन्हा झाडायला लागला.

चूक झाली. शब्द एकच, पण उर्दूत तो गेलेलं भरून काढतो आणि अरबीत असलेलं काढून टाकतो. ही चूक कुणाचीही झाली असती, आणि माझा कबुलीजबाब एवढाच असता तर मी सनाला त्या दिवशीच फोनवर हसत सांगितला असता.

शुक्रवारी हे आले. नमाज पढून आले, जेवायला बसले. तळलेलं पापलेट होतं. ह्यांच्या डोक्यात घाटाचं काम, कोणता दगड कसा सुटला, कुणाचा पाय कसा वाचला. मी वाढता वाढता सहज विचारलं— खरंच सहज, थोडं मिरवायलाही असेल— “अहो, इजाला म्हणजे काय हो?”

“इजाला?” काटा काढत म्हणाले. “आमचा रोजचा शब्द. जी भिंत पाडायची तिच्यावर तांबड्या रंगात लिहिलेलं असतं म्हणे. मुकादम ओरडतो, इजाला, यल्ला, की मी सुपडं उचलतो. का गो?”

माझ्या हातात भाताची पळी होती.

मी त्यांना कागदाचं सांगितलं. ते ताट तसंच ठेवून खाली गेले, नूर मियाँशी बोलले, वर आले. म्हणाले, “दहा दिवस आहेत. मी आजच खोली बघायला सांगतो माणसाला. समोरच्या रुकय्याला माहीत आहे ना?”

मी म्हटलं, “होय. सांगितलंय.”

दार समोरचंच होतं. आठ पावलं. मध्ये एक केरसुणी आणि मेहजबीनच्या चपला. मला काय करायचं होतं? आठ पावलं जाऊन म्हणायचं होतं— गो रुकय्या, माझं चुकलं, मला अरबी कळत नाही. नूर मियाँ बरोबर होता. इस्माईलला बोलाव.

एवढंच. मी किती वेळा बोलून पाहिलंय ते, ह्या बारा वर्षांत. पाच श्वासांत होतं.

उद्या सांगू, म्हटलं. उद्या शनिवार. सकाळी ती मेहजबीनला घेऊन शाळेच्या गाडीकडं गेली. संध्याकाळी मेहजबीन माझ्यासमोर बसून पढत होती आणि रुकय्या उंबऱ्यात बसून ऐकत होती, डोळे मिटून. म्हणाली, “आपा, तुमच्यासारखं हिला यायला पायजे. मला बघा, आंधळी. तुम्ही नसतात तर त्या कागदापुढं मी गाढवासारखी उभी राहिले असते.” आता सांगा, त्यावर मी काय सांगणार होते? नाही— तुम्ही सांगू नका. ते माझंच उत्तर आहे, आणि मी ते दिलं नाही.

सोमवारपर्यंत ह्यांच्या माणसानं खोली मिळवली. शहराच्या वरच्या अंगाला, चांगली, दोन खिडक्यांची. त्या गल्लीत तेव्हा आणखी एक खोली रिकामी होती. ते मला त्या माणसानं सांगितलं होतं, “कोई और फॅमिली है क्या?” मी म्हटलं, नाही.

मग आम्ही हललो. रुकय्याला काय सांगितलं? गुडघे. म्हटलं, माझ्यानं हे जिने आता होत नाहीत, नवीन घर तळमजल्यावर आहे. खरंच दुखायचे हो थोडे, सगळ्यांचे दुखतात. ती बिचारी रडली. आणि मग दोन दिवस तिनं माझं घर बांधलं. काचेचे पेले एकेक कागदात गुंडाळले, मसाल्याच्या डब्यांची तोंडं कापडानं बांधली, पडदे उतरवून धुऊन दिले. म्हणाली, “दुरुस्ती झाली की जिन्याला कठडा लावतील, मग याल परत.” माझ्यासाठी, वाटेत भूक लागेल म्हणून— अर्ध्या तासाच्या वाटेत!— तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि वर सुक्या जवळ्याची चटणी.

मी खाल्ल्या त्या. त्याही सांगते.

पंधराव्या दिवशी सकाळी वीज गेली, मग पाणी. यमनी लोक आधीच एकेक करून निघून गेले होते. ते कागद वाचू शकत होते आणि समजूही शकत होते. नूर मियाँनं रुकय्याचं दार बडवलं. तासभर दिला होता तिला. शिलाई मशीन, शेगडी, एक गादी, मेहजबीनचं दप्तर— हे तिनं आणि त्यानं मिळून खाली आणलं. इस्माईलनं साइटच्या टाकाऊ लाकडांतून लेकीसाठी केलेला पलंग दारातून निघेना. उभा केला, आडवा केला. राहिला तो. पाडायचं मशीन गल्लीच्या टोकापासून येत होतं. गल्लीबाहेरच्या फूटपाथवर शिलाई मशीनच्या लाकडी फळीवर बसून तिनं मला फोन केला. पहिला फोन नवऱ्याला नाही, मला. “आपा, बलदिया फिरली ओ. दुरुस्ती लिहून पाडायला आले. आता काय करू?”

बलदिया फिरली! तिच्या मनात आलंसुद्धा नाही की आपा चुकली असेल. खोटं बोलली असेल हे तर दूरच.

मुलगा— तो तेव्हा शहरातच वेगळा राहायचा— गाडी घेऊन गेला, तिला आणलं. ती आमच्याकडं राहिली. हे ते दोन आठवडे घाटावरच अडकले, शुक्रवारीही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्माईल पोचला. आठ दिवसांची रजा. दिवसभर खोल्या शोधायचा. पण एक वस्ती उठली की तिच्यातली सगळी माणसं एकाच वेळी खोल्या शोधतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या गल्लीतली ती रिकामी खोली केव्हाच गेली होती. कंपनीकडून फोन यायला लागले.

एका दुपारी तो म्हणाला, जाऊन बघू, पलंगाचं लाकूड तरी मिळतंय का. मीही गेले. का गेले कोण जाणे. ढिगाऱ्याशी नूर मियाँ सळया वेगळ्या करत बसला होता, त्याची नोकरी इमारतीबरोबरच गेलेली. इस्माईलनं त्याची बखोट धरली. “तू इधर का हारिस है, तेरे को मालूम नहीं था? औरत-बच्ची अकेली, एक बार बोलने को मुँह नहीं था?”

नूर मियाँ म्हणाला, “हाम बोला था, भाई. आपा बोला, मरम्मत.”

“आपा का नाम लेता है?” इस्माईल ओरडला. “आपा का?”

नूर मियाँनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी उन्हासाठी ओढणी पुढं ओढून घेतली. मग त्यानं मान खाली घातली आणि सळया वेगळ्या करू लागला. तो पुन्हा कधी मला दिसला नाही.

रुकय्या आणि मेहजबीन गावी गेल्या. अर्धं वर्ष शाळा बुडाली. इंग्रजी शाळेतली ती पोर गावच्या शाळेत खालच्या वर्गात बसली. इस्माईलची बदली पुढं दोन वर्षांनी मंजूर झाली, तेव्हा फॅमिलीचे नियम बदलले होते, खर्च आवाक्याबाहेर गेला होता, आणि त्यानंही ती घेतली नाही. तो अजून तिकडंच आहे, कॅम्पात. केस पांढरे झालेत. वर्षातून एकदा गावी जातो. त्यांचा एकत्र संसार म्हणाल तर ते अकरा महिनेच.

तिथं आता रुंद रस्ता आहे. मी मुलाच्या गाडीतून कितीदा जाते त्यावरून. मधे खजूर लावलेत, खाली मोठा नाला बांधलाय, मागच्या पावसात गाड्या आरामात चालल्या होत्या. रस्ता चांगला आहे. मी सनाचं ऐकते तेव्हा मला वाटतं, रस्त्याला शिव्या देणं किती सोपं आहे— अमेरिकेतला असो की इथला. ज्यांनी कागद लावला त्यांनी आपल्या भाषेत का होईना, लावला. पंधरा दिवस दिले. त्यातले दहा माझ्याकडं होते. ते मी एकटीनं वापरले.

आणि मी म्हटलं ना तुम्हाला, वळणावळणानं येईन. तुम्हाला वाटत असेल, पोचलो. मी गप्प बसले, एवढंच.

नाही. एवढंच नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी पाच दिवस बाकी होते. सामान पिकअपमध्ये चढलं होतं, हे सामान हलवायला एक दिवसाची रजा काढून आले होते, ते पुढं बसले होते. रिकाम्या घरात मी आणि रुकय्याच. माझी शेवटची पिशवी तिच्या हातात, दुसऱ्या हातात फोन. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली.

“आपा, रागवू नका,” म्हणाली. “खालचे यमनी पण निघाले. नूर मियाँ रोज बोलतो, पाडणार म्हणून. मला एकदा शेवटचं नीट सांगा. दुरुस्तीच ना? तुमच्या मनात जरा पण शंका असंल तर आत्ता ह्यांना फोन लावते. रजा टाकून येतील, काय तरी बघतील.”

तिनं नंबर काढून ठेवला होता. मला दिसत होता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, “दुरुस्तीच गो. अल्लाची शपथ. कशाला त्याची रजा घालवतेस?”

“बरं,” ती म्हणाली, आणि माझी पिशवी घेऊन पुढं उतरू लागली.